मंजुश्रीवहिनीच्या घरचे पापड

"सकाळी शेजारच्यांच्या दोरीवर काहीच नव्हतं," हिमानी म्हणाली. "आता ओली साडी आहे. पाणी ठिबकतंय, बघ."

"धुतली असंन कोणी," कुशल म्हणाला. त्याला स्लॅबवर कुरडया राखायला बसवलं होतं. पण राखण्यापेक्षा खाण्याकडेच त्याचं जास्त लक्ष होतं.

"कोणी म्हणजे कोण? पुढच्या दाराला बाहेरून कुलूप आहे ना!"

आता मात्र कुशलचं तोंड चालायचं थांबलं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत हिमानी बुलढाण्याहून सोनाळ्याला जनकाआत्याकडे आली होती. कुशल आत्याचा मुलगा. समोरच्या घरातली आसमा या दोघांहून वर्षभराने मोठी, म्हणून आपोआपच तिघांची पुढारी. गल्लीत पापडांचे दिवस होते. रोज एका घरची पाळी. त्या घरचं पोर सकाळी दारोदार निरोप देऊन यायचं आणि दुपारी साऱ्या बाया आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन तिथे हजर व्हायच्या. आलेला निरोप मोडायची कुणाची टाप नव्हती.

यंदा शेजारच्या इंद्रभानची पाळी तेवढी सुटली होती. बायको मंजुश्री माहेरी गेली, हिवरा आश्रम या गावी, असं त्याने सांगितलं होतं. वैशाखात सून माहेरी जाते, त्यात विचारायचं काय? म्हणून कुणी विचारलंही नाही.

"वाका खाली," आसमा कुजबुजली.

तिघंही कठड्याआड वाकली. शेजारच्या उंच भिंतीच्या मागच्या अंगणात मंजुश्रीवहिनी आली होती. एक पाय ओढत ती दोरीपाशी गेली आणि साडी नीट करायला हात वर केला. मनगट सुजून काळंनिळं झालं होतं.

"माहेरी गेली म्हणे," आसमा दातओठ खात म्हणाली.

हिमानी धडधड जिना उतरली. आत्या उडदाचं पीठ मळत होती.

"आत्या, मंजुश्रीवहिनी घरातच कोंडलेल्या आहेत. त्यांचा हात..."

आत्याचे हात पिठात क्षणभर थांबले. मग पुन्हा चालू झाले. "दुसऱ्याच्या घरात डोकवायचं नसते. नवरा-बायकोचं काही असते, आपल्याले काय करायचं? जाय, कावळे हाकल."

हाताला काय झालं, हे आत्याने विचारलंच नाही. हिमानीच्या ते लक्षात आलं आणि तिला आत्याचा भयंकर राग आला.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता इंद्रभान कुलूप लावून दुकानावर गेला. कुशलला स्लॅबवर पहाऱ्याला बसवून हिमानी आणि आसमा त्या अंगणाच्या भिंतीपाशी पोचल्या.

"वहिनी, मी हिमानी. जनकाआत्याची भाची."

आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"तुम्ही नको म्हणालात तर आम्ही जाऊ. पण काय करायचं ते सांगा."

मग अगदी भिंतीलगत आवाज आला. "फोन फोडला त्यानं. रोज मारते. मले आईकडे जायचं हाय."

आसमाने हिमानीचा हात घट्ट धरला.

"साडेबाराले जेवाले येते, तवाच दार उघडते," वहिनी म्हणाली. "पण एखादी बाई आली, तर हसून वाटेले लावते, अन् मंग मलेच मारते. साऱ्या बाया आल्या पाह्यजे. साऱ्याच्या साऱ्या."

दोघी तडक आशा कार्यकर्त्या सिंधूताईंकडे गेल्या. ताईंनी सगळं नीट ऐकलं. मधे एकदाही, तुम्ही लहान आहात, असं म्हणाल्या नाहीत. त्यांनी महिलांच्या मदतीच्या १८१ नंबरवर आणि पोलिसांना फोन केला.

"गाडी निघाली," त्या म्हणाल्या, "पण पोचाले एक वाजंन. तोवर हा जेवून, कुलूप लावून जाईन. बायको माहेरी हाय म्हणंन. तुम्ही पोरांनी मात्र त्याच्या दारात पाय ठेवायचा नाही. समजलं?"

"पण बायांनी ठेवला तर चालेल ना?" हिमानीने विचारलं. तिला काय सुचलं होतं ते आसमाला तिच्या तोंडाकडे बघूनच कळलं.

तासाभरात अकरा घरी निरोप पोचला. आज साडेबाराला मंजुश्रीवहिनीकडे पापड.

"आली का ते माहेराहून?" आत्याने विचारलं.

"घरीच हाय," आसमा म्हणाली.

"कोनं धाडलं तुम्हाले?"

"वहिनीनंच. साऱ्या बाया आल्या पाह्यजे म्हणे."

यातला एकही शब्द खोटा नव्हता.

साडेबाराला इंद्रभानने कुलूप काढलं आणि मागे वळून पाहिलं, तर गल्लीभर बाया. हातात पोळपाट, डोक्यावर पदर. समोरच्या ओट्यावरून तिघं बघत होती.

"पापड?" तो हसला. "काकू, मंजुश्री तर माहेरी हाय."

"मंग तुले जेवाले कोन वाढते?" आसमाची अम्मी शबाना म्हणाली.

त्याचं हसू मावळलं. त्याने झटकन आत होऊन दार ओढलं. बाया एकमेकींकडे बघू लागल्या. "जाऊ द्या, चला," कुणीतरी पुटपुटलं आणि दोघी मागे फिरल्याही. जनकाआत्या सगळ्यांत मोठी. ती फिरली की संपलंच.

"आत्या," हिमानी ओट्यावरून ओरडली, "त्यांच्या हाताला काय झालं, ते काल तू विचारलं नाहीस!"

आत्या उभ्या जागी थबकली. मग दोन पावलं पुढे झाली आणि मिटत्या दारात तिने आपलं जाड सागवानी पोळपाट घातलं.

"पाळी हाय," ती म्हणाली. "पाळी चुकवता येत नाही. मंजुश्री, बाहेर ये पोरी."

दार हलेना. बायांबरोबर आलेल्या सिंधूताईंनी खांदा लावला, शबानाचाचीने लावला, तेव्हा दार उघडलं आणि मंजुश्री बाहेर आली. तिचा सुजलेला चेहरा बघून मागे फिरलेल्या दोघीही परत आल्या.

"मोरीत पडली ते," इंद्रभान म्हणाला.

"पडलेल्या माणसाले दवाखान्यात नेतात," सिंधूताई म्हणाल्या. "कुलपात नाही ठेवत."

तो मागच्या दाराकडे वळला, तर चौघी आत शिरून तिथे जाऊन बसल्या होत्या. उरलेल्या उंबऱ्यात मंजुश्रीला मधे घेऊन बसल्या. पोलिसांची गाडी येईपर्यंत, एवढ्या उन्हातही, एकही जागची उठली नाही.

संध्याकाळी मंजुश्रीवहिनीची आई येऊन तिला घेऊन गेली. इंद्रभान ठाण्यात होता. सरपंच भगवंतराव मुद्दाम गल्लीत आले. पोरांनी गावाचं नाक राखलं, असं म्हणून त्यांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. कुशल लगेच छाती काढून उभा राहिला. खरं तर त्याने पहाऱ्यावर बसून अर्धी परात कुरडया संपवल्या होत्या.

"पोरायचं कौतुक करा," जनकाआत्या मधेच म्हणाली. "मले त्यात धरू नका. आमची भिंत एकच हाय. चार महिने झाले, मी रोज ऐकून राह्यली होती."

शबानाचाची खाली बघत म्हणाली, "मी बी." पलीकडून आणखी एकजण म्हणाली, "मी बी." एकेक करत त्या म्हणत गेल्या. हिमानी मोजत होती. अकराच्या अकरा झाल्या.

भगवंतरावांनी टोपी काढून हातात घेतली.

"आता आवाज आला, की दोघी-तिघींनी जाऊन दार वाजवायचं," आत्या म्हणाली. "चहापत्ती मागा, विरजण मागा, काहीबी मागा. पण वाजवायचं." आणि ती पदर डोळ्यांना लावून ढसाढसा रडायला लागली.

हिमानीचा राग अजून पुरता गेला नव्हता. तरीही ती उठली आणि आत्याला चिकटून बसली.