चार वाजता सैल केलेली पट्टी

"अल्लाची शपथ ताई, मी बँडेज सैल केलं होतं!"

साताऱ्यात खासगी गुप्तहेर राजनंदिनीच्या कचेरीत फरीदा पाण्याचा पेला धरून बसली होती. ती मूळची कोरेगावची, सांगलीच्या एका दवाखान्यात नर्स. तिथल्या पेशंट चंदनबालाकाकूंच्या मोडलेल्या हाताचं काल सकाळी ऑपरेशन झालं. चारला हात सुजला, म्हणून डॉक्टरांना विचारून फरीदानं बँडेज सैल केलं, टोकाला नेहमीसारखी चिकटपट्टी लावली. साडेसहाला तेच बँडेज करकचून आवळलेलं आणि बोटं निळी!

"आत सूज, वरून आवळ, रक्तच अडतं. कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. डॉक्टरांनी चिरा देऊन दाब मोकळा केला, म्हणून हात वाचला. पण मी सैल केलंच नाही, असं काकूंच्या घरचे म्हणतात. उद्या चौकशी हाय. नोकरी जाईल, ताई."

राजनंदिनीचा मदतनीस शिवतेज याला तिची दया आली. दया त्याला लगेच येई, डोकं तेवढं मागून येई.

दुपारी तिघं सांगलीत पोचली. फरीदा काकूंच्या खोलीच्या दाराशीच थांबली.

"हा पुरावा," म्हणत काकूंच्या मुलानं, आर्जवनं, मोबाइल पुढं केला. "डॉक्टरांनी बँडेज सोडायच्या आधी फोटो काढलाय."

फोटोत चिकटपट्टी नव्हती. बँडेजचं टोक शेवटच्या वेढ्याखाली खोचलेलं होतं.

"चारनंतर इथं कोण होतं?" राजनंदिनीनं विचारलं.

"पाचला बाबा आले. द्राक्षाची कलमं अर्धी टाकून धावले. मी औषधांना खाली गेलो होतो."

"काकू, बँडेजला कुणी हात लावला?"

"मला झोप लागली हुती."

"एवढ्या कळांत?"

काकू खिडकीकडं बघू लागल्या.

"आवं, पेरू तरी खावा," काकूंचे यजमान धन्यकुमार मध्येच म्हणाले आणि खिशातला चाकू त्यांनी शिवतेजच्या हाती दिला. शिवतेजनं पेरूबरोबर बोटही कापलं! धन्यकुमारांनी लगबगीनं खिशातून कलमाची प्लॅस्टिकची पट्टी काढून बोटाला गुंडाळली. पाच मिनिटांत बोट ठणकू लागलं. शिवतेज मुकाट बसला.

राजनंदिनीनं त्याचं बोट वर धरलं. "दुखतंय?"

"हो."

"मग बोलला का नाहीस?"

"काकांनी एवढ्या मायेनं बांधलं..."

"काकूंचंही तेच झालं." तिनं फोटो बोटाशेजारी धरला. दोन्हीकडं टोक सारखंच खोचलेलं. "फरीदा चिकटपट्टी लावते. काका, असं टोक कलमाला खोचतात ना? तुम्हाला बँडेज सुटलेलं वाटलं. आणि सैल बांधलेलं कलम धरत नाही, म्हणून तुम्ही ते आवळून बांधलंत."

धन्यकुमारांनी डोक्यावरची टोपी काढली.

"व्हय. हाड बी तसंच धरतं वाटलं. नंतर मनात पाल चुकचुकली, पर बोलाय धीर झाला न्हाई."

"काकू झोपल्या नव्हत्या. तुम्हाला सांभाळत होत्या."

"बांधून हे माझ्या उशाशीच बसलं हुतं," काकू पुटपुटल्या. "सोडा म्हणून कसं सांगू?"

आर्जवनं मान खाली घातली. धन्यकुमारांनी दाराकडं पाहत हात जोडले. "पोरी, उद्या चौकशीत मीच सांगतो."

फरीदाला रडू फुटलं. डोळे पुसत ती आत आली. तिनं आधी शिवतेजची पट्टी कापली आणि मग रक्त फिरतंय का ते बघायला सवयीनं काकूंच्या बोटाचं टोक दाबून पाहिलं.

"काकू, दुखतंय?"

काकूंनी नवऱ्याकडं पाहिलं.

"दुखतंय गं," त्या पहिल्यांदाच म्हणाल्या. "लय दुखतंय."