हिरवं दूध

सलग तीन तास पाण्याखाली काढून वेदांगी वर आली, तेव्हा तिच्या पाठीवर हवेची टाकी नव्हती. हरितरोपण झालेल्या पाणबुड्यांचं मालवणात आता कुणाला नवल उरलं नव्हतं.

ही युक्ती मूळची एका बिनशंखाच्या समुद्री गोगलगायीची. ती शेवाळ खाते, पण त्यातली हरितलवकं, म्हणजे उन्हापासून अन्न तयार करणारे हिरवे कण, पचवत नाही. अंगात जपून ठेवते आणि महिनोन्‌ महिने उन्हावर जगते. तेच कण माणसाच्या कातडीत रुजवले, की उथळ पाण्यात कातडीच प्राणवायू पुरवते. बुडबुडे नाहीत, त्यामुळे बुजरे जीवही कॅमेऱ्यासमोर येतात.

आज तिने नखाएवढ्या जांभळ्या गोगलगायीचे चाळीस फोटो काढले होते. एकही पुन्हा न पाहता ती घरी धावली.

सासूबाईंनी पाच महिन्यांच्या रेवाला खोबरेल चोळून अंगणात उन्हात निजवलं होतं.

"प्यायली?"

"नाय गो. पण रडणा पण नाय. तुझ्या घोवान ल्हानपणी घर डोक्यार घेतलेलान! ह्या चेडू कसा गुणी."

चौथा दिवस. दुधाचा थेंब नाही, तरी वजन वाढतच होतं. वेदांगीने रेवाची मान वळवली. वळीत हिरवट झाक होती.

रोपण करणाऱ्या डॉ. लोबोंनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. "फॉर्मवर तू लिहिलंस, दूध तोडलंय."

"खोटं लिहिलं. नाहीतर तुम्ही रोपण नाकारलं असतंत आणि माझं काम दुसऱ्याला गेलं असतं."

"हरितलवकं दुधातून गेलीत. तुझ्या कातडीत ती पाहुणी आहेत. हिची कातडी अजून घडतेय, तिने ती आपलीच मानली. वर रोजचं ऊन."

"मग काढा ना!"

"अंधारात ठेवलं, तर तीन आठवड्यांत मरतील. पण हिचं पोट पचवणं विसरत चाललंय. स्वतःहून प्यायली नाही, तर नळीने तुझंच दूध घालू; अंधारात त्यातले कण टिकणार नाहीत. आतड्यांनी ते घेतलं पाहिजे."

"आणि नाही ठेवलं अंधारात?"

"छान वाढेल. पावसाळा लागून ऊन जाईपर्यंत."

वेदांगीने मनात दिवस मोजले. मृगाला बावीस उरले होते.

त्याच दुपारी तिने खिडक्यांवर गोधड्या ठोकल्या. "अशा काळोखात चेडवाक कित्याक कोंडतंस?" सासूबाई दाराबाहेरून ओरडत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी रेवा रडली. बारीक, चिरका आवाज. वेदांगीला हसूच फुटलं. भूक! घाईघाईने तिने तिला छातीशी धरलं. दूध आपोआप झरू लागलं, रेवाच्या ओठांवर पडलं. रेवाने तोंड फिरवलं. मान ताणून ती दाराकडे पाहू लागली. तिथे उंबऱ्याशी उन्हाची बोटभर रेघ होती. रेवाने रडणं थांबवलं आणि, आई दिसली की मुलं पसरतात तसे, दोन्ही हात त्या रेघेकडे पसरले.

वेदांगीने पायाने चादर सरकवली आणि फट बुजवली.