विमान उतरायच्या आत

"आधी बॅग बघायची, बॅगवाल्याचं नंतर ऐकायचं," मावशींचे पहिले वरिष्ठ म्हणायचे. "बॅगेला तोंड नसतं, म्हणून ती खोटं बोलत नाही."

ते जाऊन बारा वर्षं झाली. मावशी अजूनही आधी बॅगच बघत.

विमानतळावर सगळे त्यांना मावशीच म्हणत. अपघातांची चौकशी करणाऱ्या खात्याच्या त्या अधिकारी. आवाज इतका हळू, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे.

दुपारी बाराला फोन आला. सकाळी सामानाच्या गाडीवर एका बॅगेतून धूर निघाला होता. आत लॅपटॉपची सुटी बॅटरी होती. बॅग विमानात चढायच्या आधीच हमालांनी ती ओढून विझवली आणि विमान वेळेवर गेलं. चौकशी जवळजवळ झालीच आहे, फक्त तुमची सही हवी, असं फोनवरचा साहेब म्हणाला. सहाला विमान तिकडे उतरतं, त्याच्या आत सही झाली तर बरं, हेही त्याने दोनदा सांगितलं.

दोनदा का, हे मावशींनी विचारलं नाही. लक्षात ठेवलं.

साहेब म्हणजे विमान कंपनीचा इथला मुख्य. लोक त्याला घड्याळसाहेब म्हणत आणि तो ते कौतुक समजे. विमानं वेळेवर सोडल्याबद्दल मिळालेल्या सात ढाली त्याच्या खोलीत ओळीने मांडल्या होत्या. पाहुण्याची खुर्ची अशी ठेवली होती, की बसणाऱ्याला दुसरं काही दिसूच नये. शेजारी त्याच्याच सहीचं पत्रक: सुट्या बॅटऱ्या सामानात देऊ नयेत, हातातल्या बॅगेत ठेवाव्यात, टोकांना चिकटपट्टी लावावी. केबिनमध्ये धूर आला तर कुणी विझवू शकतं, विमानाच्या पोटात तो कुणाला दिसणार, हेही खाली लिहिलं होतं. नियम इतका शहाणा होता, की त्याखाली ही सही शोभत नव्हती.

"बॅग कुठून आली?" मावशींनी विचारलं.

"काउंटरवरून. पांढरी छापील चिठ्ठी आहे तिच्यावर. सामानाच्या एक्स-रे यंत्रावरच्या मुलीला बॅटरी दिसायला हवी होती. दिसली नाही."

"ती काय म्हणते?"

"म्हणते, ही बॅग मी पाहिलीच नाही." साहेब हसला. "मॅडम, पाहिली नाही, हाच तर गुन्हा आहे."

या विनोदावर तो सकाळपासून खूश असावा. खोलीतल्या शिपायाला तो पाठ झालेला दिसला.

यंत्रावरची मुलगी सामानगृहाबाहेर बाकावर बसली होती. तिचा परवाना काढून घेतला होता. सही झाली की तो कायमचा रद्द होणार होता, आणि मग कुठल्याही विमानतळावर कुठल्याही यंत्रापुढे तिला बसता येणार नव्हतं. ती रडत नव्हती. एकच गोष्ट तिला खात होती. साहेबाने तिचा फोटो आणि नाव घालून "निष्काळजीपणा" अशी नोटीस कॅन्टीनच्या दारावर लावली होती. तिची आई त्याच कॅन्टीनमध्ये भांडी घासायची.

"आई सकाळपासून चार वेळा त्या कागदापुढून गेली, मावशी. मला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं."

"तू बॅग पाहिली होतीस?"

"नाही. यंत्र फक्त थांबवलेल्या बॅगांची चित्रं ठेवतं. त्यामुळे माझ्याकडे पुरावा नाही. पण ती निळी बॅग माझ्यापुढून गेली नाही."

मावशींनी तिच्या हातावर हात ठेवला. "तू खरं बोलत असशील, तर तो कागद आज मी माझ्या हाताने काढीन. दुसऱ्याला सांगणार नाही."

मग त्या बॅगेकडे गेल्या.

चाकांची छोटी निळी बॅग, एक बाजू चेपलेली, तिथेच जळालेली. धुराने मूठसुद्धा काळी पडली होती. मुठीला पांढरी चिठ्ठी चिकटवलेली. चिठ्ठीचा छापील वेळेचा कोपरा नव्हता. मावशींनी चष्मा लावून ती कड पाहिली. मग आतलं सामान एकेक काढून टेबलावर मांडलं: दोन साड्या, जाड सुताची शाल, पारदर्शक पिशवीत बोटाएवढ्या बाटल्यांतून तेल, शाम्पू आणि खोकल्याचं औषध. एक बॅटरी जळून कोळसा झालेली. दुसरी शाबूत, वेगळ्या पिशवीत, दोन्ही टोकांना नीट कापलेली चिकटपट्टी.

"कुणाची आहे?" त्यांनी हमालाला विचारलं. एका म्हाताऱ्या बाईंची, तो म्हणाला. लेकीकडे निघाल्या होत्या, आता आकाशात आहेत.

मावशी तिथून गेटवर गेल्या. गेटवरचा कारकून पन्नाशीचा, सगळ्यांना घाबरणारा आणि त्यामुळेच सगळ्यांना उपयोगी पडणारा. त्याच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. केबिनमध्ये जागा संपली, की हातातली बॅग गेटवरच घेऊन खाली सामानात पाठवतात, तेव्हाच्या या चिठ्ठ्या. अर्धी बॅगेला, अर्धी प्रवाशाच्या हातात.

"सकाळचं विमान भरलेलं होतं?"

"खचाखच."

"वरचे कप्पे पुरले?"

"पुरले."

"पिवळी चिठ्ठी?"

"एकही नाही." उत्तर प्रश्नाच्या आधीच तयार होतं.

साडेचारला मावशी कारकुनाला आणि मुलीला घेऊन साहेबाच्या खोलीत गेल्या. साहेबाने पेन पुढे केलं. त्यांनी ते घेतलं आणि बाजूला ठेवलं.

"सही करते. आधी माझं थोडं ऐका," त्या म्हणाल्या. साहेबाला पुढे वाकावं लागलं.

"खाली पाठवायच्या बॅगेत कुणी तेल बोटाएवढ्या बाटल्यांत भरत नाही. तिथे अख्खी बाटली चालते. छोट्या बाटल्या आणि पारदर्शक पिशवी लागते हातातल्या बॅगेसाठी. या बाईंनी बॅटरीच्या टोकांना पट्टी लावली. तुमचं पत्रक या विमानतळावर कुणी पाळलं असेल, तर बहुधा त्यांनी एकट्यांनी. ज्यांना एवढं कळतं, त्या ही बॅग काउंटरवर देणार नाहीत."

"अंदाज आहेत हे," साहेब म्हणाला.

"मूठ काळी आहे आणि चिठ्ठी पांढरीशुभ्र. मी तिची कड उचलून पाहिली. खालीसुद्धा काळं आहे. म्हणजे आधी धूर झाला, मग चिठ्ठी चिकटली. वेळेचा कोपराही जळालेला नाही, नखाने फाडलेला आहे. छपाईची वेळ धुरानंतरची असणार. काउंटरची चिठ्ठी नव्याने छापायचा अधिकार इथे कितीजणांना आहे?"

तो अधिकार एकालाच होता आणि खोलीत बसायला मोठी खुर्चीही एकच होती.

"बॅग गेटवर घेतली," मावशी पुढे म्हणाल्या. "तिथे नियम आहे, बॅग घेताना विचारायचं: आत बॅटरी आहे का, असेल तर काढून हातात घ्या. विचारायला अर्धं मिनिट लागतं. तेवढ्याने आठवी ढाल जाते."

त्या कारकुनाकडे वळल्या. "भाऊ, सहाला त्या बाई तिकडे उतरतील. पिवळ्या चिठ्ठीचा अर्धा तुकडा पुढे करून बॅग मागतील. त्याच्या आत माझी सही का हवी होती, ते मला कळलं. फाइल बंद झाली, की म्हाताऱ्या बाईच्या तुकड्याला कोण विचारतो? तुम्ही सहाच्या आधी बोलणार की नंतर?"

कारकून खाली बघत बोलला. साहेब घड्याळ धरून शेजारी उभे होते. प्रश्न विचारत बसू नका, बॅगा फेका खाली, असं म्हणाले. बाई काहीतरी सांगत होत्या, आत काही आहे म्हणत होत्या. त्यांच्या हातात तुकडा कोंबून त्यांना पुढे ढकललं. फेकताना बॅग चेपली असणार. धूर झाल्यावर साहेबांनी पिवळी चिठ्ठी काढून घेतली.

साहेब म्हणाला, की दीडशे माणसं वेळेवर निघाली हे कुणी बघत नाही. जबाबदारी मोठी असते, तुम्हाला कळणार नाही.

मावशींनी त्याच्याकडे पाहिलं. असा माणूस त्यांनी पूर्वीही पाहिला होता. आयुष्यभर नाकाने कांदे सोलायचे आणि पकडलं गेल्यावर वासाबद्दल तक्रार करायची.

"दीडशे माणसं सुखरूप पोचतील, कारण ती बॅग आत चढायच्या आधी पेटली," त्या म्हणाल्या. "त्यात तुमचं घड्याळ कुठेच नव्हतं."

त्यांनी स्वतःचा कागद काढला, काय घडलं ते लिहिलं, आणि त्यावर सही केली. मुलीचा परवाना टेबलाच्या खणातून मागून घेतला आणि तिच्या हातात दिला.

साहेबाचा आवाज आता त्यांच्याहूनही हळू झाला होता. कॅन्टीनवरची ती नोटीस शिपायाला सांगून काढतो, तो म्हणाला.

"नको," मावशी म्हणाल्या.

पिना उचकटायला त्यांनी टेबलावरची त्याची पत्रं फोडायची सुरी उचलली, चष्मा खाली सरकवला आणि मुलीला बरोबर घेऊन त्या कॅन्टीनकडे चालू लागल्या.