वडील: शंभर वॅट

रेवती गावंडेचा कॉम्प्युटर अखेर दुरुस्त झाला. दोष सापडला, उपाय झाला, कोणाला लागलंही नाही. पण यातलं काही अजून झालंच नाही असं धरून चालू. कारण अकोल्यात दुपारचे दोन वाजलेत, पारा अठ्ठेचाळीसवर आहे आणि कॉम्प्युटर आज चौथ्यांदा बंद पडला आहे.

तो तिने घरीच जोडला होता, चकल्यांच्या स्टीलच्या डब्यात. झाकणाला भोकं पाडली होती बाबांनी, म्हणजे पुंडलिकरावांनी. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यापासून त्यांना भोकं पाडायला काही मिळत नव्हतं. डब्याचं काम एकच: बाबांच्या मनगटावरच्या पट्टीकडून येणारे संदेश वाचायचे आणि फिट येण्याच्या चार मिनिटं आधी घंटा वाजवायची. मागच्या गुरुवारी डबा बंद होता. बाबांच्या कपाळावर पाच टाके पडले.

डबा तापत असावा म्हणून रेवतीने त्यातला पंखा ब्रशने झाडला. चिप थंड ठेवणारा वाळलेला लेप खरवडून नवा लावला. पंखा उलटा बसवून पाहिला, मग कंटाळून सुलटा.

"मी सांगू?" खाटेवरून बाबा म्हणाले. "पोतं ओलं कर अन् गुंडाळ त्याले. आमच्या गाड्या अशाच घाट चढत."

"बाबा, पाणी आत गेलं तर मरेल हा."

"आमच्याही दोन मेल्या."

तिने डब्यावर हात ठेवला. खोलीइतकाच कोमट होता. म्हणजे तो तापत नव्हताच. शेवटी तिने फोनवरचा निदानक उघडला. यंत्राचा दोष शोधून देणारा हा प्रोग्रॅम ती टाळत होती, कारण तो खरं बोलायचा.

'डबा निर्दोष. खोलीच्या उष्मामापीने वीज तोडली. दुपारची मर्यादा: अडीचशे वॅट. डबा: नव्वद. वडील: शंभर. मुलगी: शंभर. एक उष्णतास्रोत हटवावा.'

शहर आणखी तापू नये म्हणून महापालिकेने घरोघरी हे मापी बसवले होते. माणसाचं अंगही बल्बसारखी उष्णता सोडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बाबा उठून चपला शोधू लागले.

"कुठे निघालात?"

"जिन्यात बसतो. चालू दे त्याले."

"अन् तिथे फिट आली तर? पायऱ्या मोजत खाली जाल?"

"मग?"

"मी जाते."

ती जिन्यात जाऊन बसली. डबा लगेच सुरू झाला आणि छान चालत राहिला. तिला भिंतीला टेकूनच डुलकी लागली.

चारच्या सुमारास घंटा वाजली. रेवती धावत आत शिरली. खोलीचे दोनशे नव्वद वॅट झाले आणि मापीने डबा बंद केला. तिने बाबांचं डोकं मांडीवर घेतलं आणि थांबली. फिट आली, गेली. या वेळी टाके पडले नाहीत.

शुद्धीवर येताच बाबा पुटपुटले, "आत कायले आली वं? बंद पडला ना तो."

संध्याकाळी तिने महापालिकेच्या उष्मा विभागाकडे अर्ज पाठवला:

'महोदय, अर्जदार कु. रेवती पुंडलिक गावंडे हिच्या शरीराची उष्णता शंभर वॅटवरून शून्यावर आणण्यास मंजुरी मिळावी, जेणेकरून अर्जदारास दुपारी बारा ते पाच या वेळेत वडिलांशेजारी बसता येईल. वडिलांचे ना-हरकत पत्र सोबत जोडले आहे.'