केबलचं दुसरं टोक

आठवडी बाजाराच्या दिवशी अहेरीतल्या उमेराच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. बाजाराला आलेला माणूस मिरची घेतो, सुकट घेतो आणि जाता जाता बंद पडलेला मोबाईल तिच्या काउंटरवर ठेवून म्हणतो, "बाई, याले काय झालं पाह्य ना!" जशी काही ती वैदूच आहे. नूरुद्दीन रेडिओवाल्याची ही पोरगी. बापाचा हात रेडिओवर बसलेला, हिचा लॅपटॉपवर, आणि जीभ मात्र बापापेक्षा दुप्पट तिखट. "मशीन खोटं बोलत नाई, माणूस बोलते," हे तिचं ठरलेलं वाक्य. गिऱ्हाइकानं आधी ते ऐकायचं, मग खुर्चीवर बसायचं.

रोहिणीचं ऊन नुसतं भाजून काढत होतं. दुपारी दीडला एटापल्लीच्या बसमधून प्रवीण उतरला तो पळतच दुकानात शिरला. मोहटोल्याच्या वनहक्क समितीचा हा सचिव. छातीशी लॅपटॉप धरलेला, हातात साबणाच्या वडीएवढी काळी डिस्क.

"ताई, चारच्या आत साक्ष द्या लागते वनहक्काच्या हपिसात. नाई तं आमचा तलाव गेला समजा!"

गोष्ट अशी होती. मोहटोल्याचा तलाव आणि त्याच्या काठची मोहाची झाडं गावाची की नाहीत, याचा फैसला व्हायचा होता. तलावाची पाळ कोणी बांधली, हद्द कुठून कुठपर्यंत, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला गावात एकच माणूस उरला होता, पत्रूभाऊ. चैत्रात प्रवीणनं त्याची साक्ष व्हिडिओवर घ्यायला सुरुवात केली. अकरा मिनिटं बोलून म्हातारा दमला. "बाकी उद्या सांगतो रे," म्हणाला, आणि दुसऱ्याच पहाटे गेला. ती अर्धी साक्ष या डिस्कमध्ये होती. दुसरीकडं कुठंही नाही. आणि लॅपटॉप डिस्कला ओळखच देत नव्हता.

"डिस्क मेली ना, ताई?"

"आधीच सुतक नको धरू. बस तिथी."

लॅपटॉप चालवणारं सॉफ्टवेअर होतं लिनक्स. उमेराचा त्यावर भारी जीव. ते पोटात काही ठेवत नाही, विचारता आलं की सगळं ओकतं. डिस्क लावायचं पोर्ट होतं थंडरबोल्टचं. दिसायला चार्जिंगच्या सॉकेटसारखंच, फक्त बाजूला छोटीशी विजेची खूण. पहिली चूक तिनं एका नजरेत धरली.

"अरे बावा, ही तं चार्जरची केबल! हिच्यानं बॅटरी भरन, डिस्क कायची दिसते? केबलवरही विजेची खूण पाह्यजे."

"दिसायले सारखीच हाय ना पण."

"जुळे भाऊही सारखेच दिसते. बायको चुकते का त्यायची?"

प्रवीण इतक्या घाईतही हसला. उमेरानं ड्रॉवरच्या तळातून खुणेची केबल शोधून काढली. लावली. नोंदी पाहिल्या, काही नाही. लॅपटॉप बंद करून ती अगदी सुरुवातीच्या सेटिंगमध्ये शिरली, तर तिथं पोर्टच बंद करून ठेवलेलं! कोण्या शहाण्यानं केलं देव जाणे. ते चालू केलं. बॅटरी वाचवायला पोर्टला झोपवून ठेवणारी सोय होती, तीही काढून टाकली. तरी डिस्क दिसेना. अडीच वाजले. दोन गिऱ्हाइकं तिनं "उद्या या, उद्या!" म्हणून पिटाळली. प्रवीणचा घाम टपटप काउंटरवर पडत होता, पण उमेराला आता चेव चढला होता. अडून बसलेलं मशीन समोर आलं की हिला जेवण सुचत नाही.

"आता फक्त धूळ राहिली," ती म्हणाली. डिस्क काढून तिनं काउंटरवर ठेवली. केबलचं एक टोक लॅपटॉपमध्ये, दुसरं डाव्या मुठीत. उजव्या हातानं ती ब्रश शोधू लागली.

तेवढ्यात पडद्यावर नवी ओळ आली. नवं यंत्र जोडलं गेलं आहे.

थंडरबोल्टची रीत अशी, की अनोळखी कोणी जोडलं गेलं तर लिनक्स आधी विचारतं, याला आत घेऊ का?

"आलं! ताई, आलं!" प्रवीण उडालाच.

उमेराही हरखली. तिनं एका हातानंच धडाधड परवानगी टाइप केली, एन्टर दाबला, आणि मग तिची नजर स्वतःच्या मुठीवर गेली.

मूठ मिटलेली होती. डिस्क हातभर लांब पडलेली होती. मुठीतलं केबलचं टोक, त्या मरणाच्या उन्हात, विहिरीत बुडवून काढल्यासारखं गार लागत होतं.

'जुनीच एखादी नोंद अडकून राहिली असेल,' तिनं मनाशी म्हटलं. पण मूठ काही सोडली नाही.

फोल्डर उघडलं. आत एकच व्हिडिओ. प्रवीणनं तिला विचारलंसुद्धा नाही, सरळ लावला. पत्रूभाऊ ओसरीवर चटईवर बसलेला, खांद्यावर पंचा, मागं भिंतीला टेकवलेलं सूप. बोलला, खोकला, पुन्हा बोलला. पुढं पुढं सरकवत प्रवीण शेवटाला आला.

"बाकी उद्या सांगतो रे," पत्रूभाऊ म्हणाला.

"इथीच संपते," प्रवीणनं सुस्कारा टाकला.

संपलं नाही. पत्रूभाऊनं डोळे मिटले. ओसरीवरचं ऊन सरकलं, सुपावर आलं. त्यानं डोळे उघडले.

"हं. झाला आता उद्या."

प्रवीण पडद्यावर वाकला. मग एकदम रडत, हसत तो ओरडला, "ताई! बोलून राह्यला! बाकीचं सांगून राह्यला ना वो!"

"तू नंतर पुन्हा घेतलं होतं का शूटिंग?"

"कवा घेऊ? मातीले गेलो होतो मी त्याच्या."

"पाळीचा पहिला दगड माह्या बापानं ठेवला," पत्रूभाऊ सांगत होता. आणि थांबला. समोर बघत राहिला. व्हिडिओ चालूच होता, सुपावरची माशी उडत होती, पण म्हातारा बोलेना.

आता मोहटोल्याकडची एक रीत आहे. तिथं साक्ष म्हणजे एकट्यानं बडबडणं नव्हे. सांगणारा मध्ये थांबतो, ऐकणाऱ्यानं "हव" म्हणायचं, मगच गाडी पुढं. "हव" म्हटलं की तो माणूस ऐकणाऱ्यांत धरला जातो, शेवटी त्याचं नाव घेतात. आणि त्या साक्षीपायी सांगणाऱ्यानं जेव्हा बोलावलं तेव्हा त्याला जावंच लागतं. लहानपणापासून अंगात मुरलेली गोष्ट. प्रवीणला विचार करायचंही भान नव्हतं.

"हव," तो म्हणाला.

पत्रूभाऊनं मान हलवली आणि पुढं बोलू लागला.

उमेरानं व्हिडिओ पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतला. लॅपटॉपनं नकार दिला. फाइल अजून लिहिली जात आहे, म्हणे.

"कोण लिहून राह्यलं?" ती पुटपुटली.

तीन वाजून वीस मिनिटं. चिंचेपासून नागाच्या दगडापर्यंत, तिथून नाल्याच्या वळणापर्यंत, हद्द एकेक करून येत होती. अगदी हवी तशी, सोन्यासारखी साक्ष! प्रत्येक थांब्याला प्रवीण "हव" म्हणत होता, मुठी आवळून, क्रिकेटची मॅच चालल्यासारखा.

मग पत्रूभाऊनं पंचा सारखा केला.

"कोणी कोणी ऐकलं? झिंगूनं ऐकलं. सुकरीनं ऐकलं."

"झिंगूबुढा दोन वर्षांमागं गेला," प्रवीण हळूच म्हणाला. "सुकरीबाई त्याच्याही आधी."

"लटारूच्या प्रवीणनं ऐकलं."

डोळे पुसणारा प्रवीणचा हात गालावरच राहिला.

पत्रूभाऊनं नजर थोडी डावीकडं वळवली. तिकडं उमेरा बसली होती. आणि तो थांबला.

तीन एकतीस. तीन तेहेतीस. फाइल अजून लिहिली जात होती.

"ताई, म्हणा ना."

"तुले कळून राह्यलं का, तू मले काय म्हणायले लावतो?"

"सगळं कळते. मी तं म्हणून बसलो ना." त्यानं हात जोडले. "तलाव जाईन, ताई. अख्खं गाव त्याच्यावर पोट भरते. पाया पडतो तुमच्या."

उमेरानं मुठीकडं पाहिलं. बोटं गारठून बधिर झाली होती. व्हिडिओ तो व्हिडिओ, तिनं स्वतःला बजावलं. एक शब्द हवेत गेला तर कोणाचं काय जाते?

"हव."

"नूरुद्दीनच्या उमेरानं ऐकलं," पत्रूभाऊ समाधानानं म्हणाला. "बोलावीन तवा या."

पडद्यावर ओळ आली. यंत्र काढून घेतलं आहे.

केबलचं टोक कोमट झालं. व्हिडिओ लॅपटॉपमध्येच येऊन बसला होता. पेन ड्राइव्हवर उतरायला त्याला चार सेकंद लागले.

मोटारसायकल अशी हाणली उमेरानं, की बाजारातल्या मिरचीवाल्या बायांनी दोघांच्या सात पिढ्या उद्धरल्या! तीन बावन्नला दोघं धापा टाकत हपिसात. साक्ष घेणाऱ्या कारकून होत्या उर्वशीबाई, रिटायर व्हायला आलेल्या, दम्यानं खोकणाऱ्या, इकडच्याच. त्यांनी पेन ड्राइव्ह लावला, फाइल उघडते हे पाहिलं, पोचपावतीवर शिक्का मारला. तीन सत्तावन्न.

"झालं! ताई, झालं! तलाव राह्यला आमचा!" प्रवीणनं पोचपावती कपाळाला लावली. उमेरालाही हसू आवरेना. शिपायानं दटावलं तरी दोघं हसतच होती.

"शेवटचं पाह्यते," उर्वशीबाई म्हणाल्या. "साक्ष पुरी हाय का, तेवढं."

त्यांनी शेवट लावला. कोणी कोणी ऐकलं? झिंगूनं. सुकरीनं. प्रवीणच्या नावानंतर मघासारखी शांतता पसरली नाही. "हव," उमेराचा आवाज लगेच आला, स्वच्छ, ओसरीवरूनच आल्यासारखा.

उमेराचं हसू विरलं.

"नूरुद्दीनच्या उमेरानं ऐकलं."

दुकानात इथं साक्ष संपत आली होती. हपिसात मात्र पत्रूभाऊ पुन्हा थांबला. मग आणखी एक "हव" ऐकू आलं. बाईमाणसाचा बारीक आवाज, मागोमाग दम्याचा खोकला.

उर्वशीबाईंचं तोंड मिटलेलं होतं. हातात शिक्का तसाच.

"जिमलगट्ट्याच्या उर्वशीनं ऐकलं," पत्रूभाऊ म्हणाला. "बोलावीन तवा या."

व्हिडिओ संपला. पंखा फिरत होता. जिमलगट्टा हे बाईंचं माहेर, हे हपिसात आजवर कोणाला ठाऊक नव्हतं.

उर्वशीबाईंनी शिक्का डबीत ठेवला, डबी बंद केली, चष्मा काढून पदरानं पुसला.

"भाऊ," त्या प्रवीणला म्हणाल्या, अगदी हळू, "कवा बोलावते, ते सांगतलं का त्यायनं?"