साडेपाचशे वॅट

थोरली जाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करायची. कॉलेजात न जाता, लोकांनी टाकून दिलेली मशीन उघडून उघडून शिकली होती आणि घराच्या तळमजल्यावर स्वतःचं दुकान चालवत होती. गिऱ्हाइकाला ती एकच गोष्ट बजावून सांगायची. "बाकी काटकसर कुठंही करा, पॉवर सप्लायमध्ये नको. मशीनला पोटभर मिळालं पाहिजे."

बुधवारी सकाळी धाकटी जाऊ चिठ्ठी घेऊन खाली आली.

"ताई, प्रोसेसर पाच पॉइंट दोनवर चढवलाय. ग्राफिक्स कार्डही नवं. आता सप्लाय कितीचा घेऊ?"

धाकटी न बांधलेल्या इमारतींच्या फिल्मा बनवायची. नसलेल्या जिन्यावरून माणसं चालवायची, नसलेल्या झाडांची सावली पाडायची. त्यासाठी तिनं प्रोसेसर कारखान्यानं ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायला सुरुवात केली होती. जास्त पळणाऱ्याला खायलाही जास्त लागतं. थोरलीनं डोक्यात बेरीज केली. प्रोसेसर तीनशे, कार्ड साडेतीनशे, पंखेबिंखे सत्तर. सातशे वीस. वर थोडी मोकळीक. हजार वॅट.

"साडेपाचशेचा पुरे," ती म्हणाली.

"पुरेल ना नक्की?"

"मी सांगतेय ना."

धाकटीनं डॉक्टरचं औषध लिहून घ्यावं तसा आकडा लिहून घेतला. थोरली हातातल्या स्क्रूकडे बघत राहिली.

झालं होतं ते एवढंच. सासूबाई वीस वर्षांत कधी दुकानात येऊन बसल्या नव्हत्या. गुडघे. आदल्या रविवारी मात्र अठरा पायऱ्या चढून धाकटीच्या खोलीत गेल्या, दोन तास फिल्म बघत बसल्या आणि खाली उतरल्या त्या बोलतच, "बोटांत जादू आहे हो पोरीच्या!" स्क्रू-ड्रायव्हर कसा धरायचा हे त्या बोटांना कुणी शिकवलं, ते कुणी विचारलं नाही.

एकदा बंद पडू दे, थोरलीच्या मनात आलं. फार नको. भर कामात, एकदाच.

सप्लाय बसला. धाकटीनं मोठी फिल्म लावली. शनिवारी चार वाजेपर्यंत ती द्यायची होती. पसंत पडली तर वर्षभराचं काम मिळणार होतं. थोरली "जरा बघते" म्हणून शेजारी बसली. आता पडेल, मग पडेल. पडलं नाही. दीड तास पंखा एका सुरात घुमत राहिला.

अशा वेळी लोक नशीब म्हणतात. थोरलीनं मीटर आणलं. भिंतीतला प्लग आणि मशीन यांच्यामध्ये लावायचं, किती वॅट ओढले जातात ते दाखवणारं. स्क्रीनवर प्रोसेसर आणि कार्ड मिळून साडेसहाशे खात होते. मीटर म्हणत होतं, चारशे दहा.

भिंतीतून नेहमी जास्तच निघतं. थोडं वाटेत उष्णता होऊन जातं. कमी निघणं शक्यच नाही. तिनं मीटर खाली नेऊन इस्त्रीला लावलं. इस्त्रीचा आकडा बरोबर आला. वर आणलं. चारशे दहा.

"ताई, काय शोधताय?"

"काही नाही. मीटर म्हातारं झालंय."

ती खाली दुकानात गेली आणि पाच मिनिटांत वरून हाक आली. "ताई! बंद पडलं!"

ती वर आली, खुर्चीत बसली. धाकटीनं बटण दाबलं. चालू. पुन्हा खाली गेली. बंद.

"तुमच्या हाताला गुण आहे बघा," धाकटी हसत म्हणाली. "नुसत्या बसा ना इथं. चहा देते."

शुक्रवारभर ती बसली. चहा हातात घेतला की दोन घोटांत थंड व्हायचा. बाहेर रणरणतं ऊन होतं आणि तिची बोटं बर्फातून काढल्यासारखी. नजर मीटरवर. फोनवर कुणीतरी धाकटीचं कौतुक केलं, आकडा तीनशे साठ. सासूबाई वर आल्या, धाकटीच्या केसांवरून हात फिरवला. दोनशे नव्वद. पंख्याचा सूर मात्र चढा.

सासूबाईंनी वळून थोरलीकडे पाहिलं. "अगं थोरले, तोंड का असं? जळू नये गं. जळणाऱ्याच्या धगीवर दुसऱ्याचंच पाणी तापतं."

"आई, काहीतरीच!" धाकटी म्हणाली. "ताई तर कालपासून माझ्यासाठी बसून आहेत."

थोरली हसली. मीटर दोनशे चाळीसवर आलं होतं.

शनिवारी जेवण झाल्यावर तिनं दुकानातल्या फळीवरून हजार वॅटचा खोका उतरवला आणि वर आणून धाकटीच्या टेबलाखाली ठेवला.

"हा बसवू. माझी बेरीज चुकली होती."

"तुमची? बेरीज?" धाकटीनं मान तिरकी केली. "आज नको हं. ब्याण्णव टक्के झालंय. आता थांबवलं तर चार वाजून जातील. आणि छान चाललंय की!"

"चुकली म्हणतेय ना."

"बसा हो तुम्ही."

ती बसली. मनापासून म्हणायचा प्रयत्न केला, होऊ दे बाई तिचं. चांगली पोर आहे. पहिला चहा मला देते. पंख्याचा आवाज लगेच बसला. चित्र अडखळलं.

"अरे, अरे!" धाकटी किंचाळली. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "ताई, काहीतरी करा ना!"

तेवढ्यात फोन वाजला. गिऱ्हाईक असावं. धाकटीनं नाक पुसलं, आवाज गोड केला.

"हो, चारला देते. नाही हो, मदत कसली? मशीनसुद्धा मीच बांधलंय. सगळं एकटीनं."

पंखा गरजला.

थोरली खाली वाकली. आपण काय करतोय ते तिला नीट ठाऊक होतं. मशीनचा प्लग धरला आणि ओढून काढला.

मीटरवर शून्य.

पंखा थांबला नाही.

तिनं हातातल्या प्लगकडे पाहिलं. पितळेचे तीन दात, कुठंही न लागलेले. वायर जमिनीवर सैल पडलेली. स्क्रीनवर त्र्याण्णव टक्के. चौऱ्याण्णव.

"ताई, काय केलंत हो?" धाकटीनं फोन ठेवला. स्क्रीनवरून नजर हलली नव्हती. "पळायलाच लागलं एकदम!"

थोरलीला उठायचं होतं. गुडघ्यांनी ऐकलं नाही.

सत्त्याण्णव टक्के.

प्लग परत लावावा म्हणून तिनं हात पुढे केला. बोटं मिटलेली होती. उघडेनात.

"चला, पुढच्या दोन फिल्माही रांगेत लावून टाकते," धाकटी म्हणाली. "तुम्ही आहातच."

नको, असं थोरलीला म्हणायचं होतं. जीभ जड झाली होती, परकी वस्तू असावी तशी.

स्क्रीनच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान होतं. एवढ्या ओझ्याखाली नव्वद असायला हवं. सदतीस अंश होतं, जिवंत माणसाच्या अंगाइतकं. बघता बघता छत्तीस.

"बघा ना ताई," धाकटी कौतुकानं म्हणाली, "किती गार चाललंय."

पस्तीस.