दारावरचं लाल पान

"आपल्याच दारावर लाल पान!... माझ्याच दारावर!"

लेकाने अजून चप्पलही काढली नव्हती. दारावर चिकटवलेल्या त्या कागदी पानाकडे तो असा बघत होता, जसं काही भर चौकात कुणी त्याच्या श्रीमुखात भडकावली होती. आतल्या खोलीत, नाकात नळी घालून पलंगावर बसलेल्या आईच्या काळजात मात्र चर्र झालं. पान लाल का झालं, हे या घरात कुणाला समजावून सांगायची गरजच नव्हती. ते कारण तिच्या पलंगाशेजारीच अहोरात्र घरघरत होतं... तिचं ऑक्सिजनचं मशीन!

"तुला नाही म्हणत गं आई," लेक आत येत म्हणाला खरा, पण म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. आणि आईला तेच लागलं.

लेक वीज कंपनीच्या प्रसिद्धी खात्यात होता. कोळसा जाळून वीज करणारी कंपनी ती. वसाहतीच्या कुठल्याही खिडकीतून पाहिलं, तरी तिची तीन उंच धुराडी दिसायचीच. जग तापत चाललंय, ऋतूंचा ताळमेळ सुटलाय, अशी ओरड वाढली आणि लोक या धुराड्यांकडे बोट दाखवू लागले, तेव्हा कंपनीला अचानक धरणीमातेचा पुळका आला. 'माझं घर, माझी जबाबदारी' अशी मोहीम निघाली. दर महिन्याला मीटर बघायचा आणि विजेच्या वापराप्रमाणे प्रत्येक दारावर कागदाचं पान चिकटवायचं. काटकसरीला हिरवं, मध्यमाला पिवळं आणि उधळ्याला लाल! पानाची ही कल्पना लेकाचीच. मोठे साहेब तिच्यावर बेहद्द खूश होते आणि खातेप्रमुखाची रिकामी खुर्ची आता त्याच्याकडेच येणार, असं सगळे बोलत होते. शेजारणी एकमेकींच्या दारांवर नजर ठेवू लागल्या, उन्हाळ्यात म्हातारी माणसं पंखा बंद करून घामाघूम बसू लागली, आणि ती तिन्ही धुराडी मात्र निवांत धूर सोडत राहिली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, ही रीत काही फक्त माणसांचीच नसते!

"पानवाल्या साहेबांच्याच दारात लाल म्हणे!" असं कुणीतरी कोपऱ्यावरच्या दुकानात हसत म्हटलं, आणि सुनेने ते घरी येऊन, नको तेव्हा, सांगितलं. लेक त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठला.

आईला घास गिळेना. हा एवढा सहा फुटी पुरुष तिच्यासाठी अजून 'छोट्या'च होता. तो पाळण्यात असताना त्याचे वडील गेले आणि कंपनीने उपकार केल्यासारखी तिला धुलाईखान्यात नोकरी दिली. भट्टीवरच्या कामगारांचे गणवेश यायचे, राखेने माखलेले. पाण्यात टाकण्याआधी ते एकेक करून झटकायचे, हे तिचं काम. झटकलं की राखेचा ढग उठायचा आणि त्या ढगात उभी राहून ती मनातल्या मनात म्हणायची, ही माझ्या छोट्याची वह्यापुस्तकं, हे त्याचे बूट... अशी सारी उमर तिने झटकण्यात घालवली. लेक शिकला, टाय लावून त्याच कंपनीत साहेब झाला, आणि त्या माउलीची छाती कृतार्थतेने भरून आली. राखेनेही भरली होती, ते नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

आणि आता त्याच लेकाच्या वाटेत आपला श्वास आडवा यावा?... ज्याच्यासाठी आयुष्य वेचलं, त्याला आपल्यापायी चारचौघांत मान खाली घालावी लागावी? नाही, नाही! उशीत तोंड खुपसून ती माय हुंदका दाबत राहिली, आणि सकाळी लेक कचेरीत व सून शाळेत शिकवायला गेल्यावर तिने हात लांब करून भिंतीवरचं बटण बंद केलं.

घरघर थांबली. घर एकदम केवढं तरी मोठं वाटू लागलं. थोड्याच वेळात छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, पण बाईमाणसाला कशाची सवय होत नाही? हळूहळू तिने युक्त्या शिकून घेतल्या. पुढे वाकून, उशी पोटाशी धरून बसायचं. उठायचं नाही, बोलायचं नाही, खोकला आला तर गिळायचा. नाकातली नळी तेवढी तशीच ठेवायची, म्हणजे अवचित कुणी डोकावलं तरी शंका नको. आणि फाटक वाजलं, सुनेची पावलं ओळखू आली, की चटकन बटण दाबायचं. खिडकीतून समोर धूर दिसायचा. तिला त्याचा राग यायचा नाही. त्याच्यावरच आपलं घर चाललं, असंच ती समजत होती.

पुढच्या महिन्यात पान पिवळं झालं आणि त्याच्या पुढच्या महिन्यात... हिरवं!

लेक लहान मुलासारखा धावत आत आला आणि त्याने तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वर्षांनी! "बघितलंस आई? मी गिझर काढून टाकला, दिवे बदलले, त्याचा हा परिणाम! आता साहेब आपल्याच घरी चित्रीकरण करणार आहेत. आदर्श घर म्हणून!"

"गुणाचं रे माझं बाळ," एवढंच ती म्हणाली आणि त्याच्या केसांतून बोटं फिरवत राहिली. त्या सुखापुढे श्वासाची काय मातब्बरी! मरण आलं तर या क्षणी यावं, असं तिला वाटून गेलं.

सुनेची नजर मात्र तिच्या बोटांवर खिळली होती. "आई, तुमची नखं अशी निळसर का दिसतायत?"

"अगं, तुम्ही पोरी नाही का नखं रंगवत? मला देवाने फुकट रंगवून दिली."

"थट्टा पुरे. उद्या डॉक्टरकडे जाऊ."

"चित्रीकरण होऊ दे गं... मग ने कुठे न्यायचं तिथे." लेक हसला आणि विषय तिथेच राहिला. सुनेला काही ते पटलं नव्हतं.

चित्रीकरणाच्या दिवशी लेक साहेबांना आणायला गेला, सून शाळेतून दुपारी येणार होती. मंडळी दुपारीच यायची होती. म्हणून सकाळपासून आईने बटण बंदच ठेवलं. आज मीटरवरही कॅमेरा लागणार, तेव्हा आजच कसूर कशाला? पण साहेबांना कसली तरी घाई होती. फाटक वाजलं, ते एकदम दहा माणसांच्या पावलांनी! तिने बटणाकडे हात नेला... आणि हात पोचायच्या आधीच खोली माणसांनी, तारांनी आणि दिव्यांनी भरून गेली.

"आईसाहेब, सोपं वाक्य आहे," साहेब गोड हसत म्हणाले. "कॅमेऱ्यात बघायचं आणि म्हणायचं, 'मी माझा वाटा उचलला. तुम्ही?'"

आईने मान डोलावली. समोरचे चेहरे पाण्यात पडल्यासारखे हलत होते. लेकाने खाली वाकून तिच्या पदराची घडी नीट केली, आणि मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. "थांबा हं, मशीनची घरघर येईल आवाजात. आई, दोन मिनिटं बंद केलं तर चालेल ना?"

बंद करायला म्हणून त्याने मशीनवर हात टेकवला.

ते गार होतं. चोवीस तास चालणारं, हात ठेवला की उबदार लागणारं ते मशीन दगडासारखं गार पडलेलं होतं. त्याने बटण पाहिलं. मग नाकात नळी घालून बसलेल्या आईकडे पाहिलं. तिचे ओठ, तिची नखं, सारं त्याला पहिल्यांदाच दिसलं.

"आई... हे कधीपासून बंद आहे?"

"आत्ताच रे..."

"आई!"

"तुम्ही दोघं... बाहेर असता... तेवढंच. मला काही... होत नाही रे छोट्या. तू रागावू... नकोस. पान हिरवं... राहिलं ना?"

लेकाने बटण दाबलं आणि मटकन खाली बसून तिच्या पायांना मिठी मारली. मशीन घरघरू लागलं. मंडळी लवकर आल्याचा निरोप मिळताच शाळेतून निघून त्याच वेळी दारात येऊन थबकलेली सून माणसं सारत पुढे धावली आणि सासूला छातीशी धरून तिची पाठ चोळू लागली. ढसाढसा रडणाऱ्या लेकाला बघून दिवेवालासुद्धा दिवा खाली ठेवून उभा राहिला.

फक्त साहेबांचे डोळे चमकले. "अरे, केवढा हा त्याग! पृथ्वीसाठी एका मातेने आपला श्वास दिला! हेच घेऊ या. आईसाहेब, पुन्हा एकदा बंद करून..."

लेक उठून उभा राहिला.

"साहेब, कॅमेरा बाहेर घ्या."

"अरे, भावनेच्या भरात..."

"हिच्या छातीत राख कुणाची आहे, ठाऊक आहे? आपली! आपले गणवेश झटकून भरलेली. ती राख हिला दिली आपण, मग श्वासाला मशीन लावावं लागलं, आणि त्या मशीनसाठी लाल पान हिच्याच दारावर लावलं! चोर सोडून संन्याशाला फाशी! आणि तो फास मी वळला, साहेब... मी!" त्याचा आवाज फुटला. "पहिलं पान आपल्या धुराड्यांना लावू या, असं मी म्हटलं होतं. तुम्ही हसलात. खुर्चीच्या लोभाने मीही हसलो."

"खुर्चीचं मग विसरायचं," साहेब थंडपणे म्हणाले आणि निघून गेले. त्यांच्या मागोमाग तारा गुंडाळल्या गेल्या.

"का रे असं केलंस?..." आईच्या डोळ्यांतून धारा लागल्या. "माझ्यापायी... गेली ना रे खुर्ची!"

"तुझ्यापायी मी आहे, आई. खुर्चीचं काय घेऊन बसलीस!" तो तिचे निळे हात स्वतःच्या गालांवर धरून म्हणाला. "माझं दार दिसलं मला, दारामागे तू दिसली नाहीस. मला क्षमा करशील?"

"वेडा रे वेडा..." आईने त्याचं मस्तक उराशी ओढलं. दुसरा हात तिने सुनेच्या डोक्यावर ठेवला.

खुर्ची गेलीच. लेकाची बदली कंपनीच्या दूरच्या कोठारात झाली, जिथे सुटे भाग मोजायचे आणि जांभया द्यायच्या. पण नव्या भट्टीसाठी सरकारने लोकांची सभा बोलावली, तेव्हा पानं वाटणारा तोच माणूस उभा राहिला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, घरांचा वाटा घरं उचलतील, पण कंपनीने आधी स्वतःचा वाटा सांगावा. पुष्कळ दारांतली माणसं त्याच्या मागे उभी राहिली. सभा लांबली. तो घरी आला, तेव्हा पाऊल टाकायचं त्राणही उरलं नव्हतं.

आई पलंगावर ताठ बसली होती. मशीन चालू होतं.

"ही काय यायची वेळ झाली, छोट्या, सकाळी दोन घोट चहा घेऊन गेलास तो आत्ता उगवतोयस, तिकडे जगाला शहाणपण शिकवायला निघालास आणि इकडे ही पोर तुझ्यासाठी उपाशी बसली आहे त्याची शुद्ध नाही, आणि बाहेरच्या खोलीतला दिवा कशाला जळतोय, तिथे काय भुतं बसवलीत, कंपनी वाईट म्हणून आपण उधळायचं असं कुणी सांगितलं तुला, आणि असा खांबासारखा उभा काय राहिलास, हात धू की मेल्या!"

लेक जागचा हलला नाही. त्याने सुनेकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी उभं होतं आणि ती हसत होती. आई एवढं सगळं बोलली, आणि मध्ये एकदाही, एकदासुद्धा, श्वासासाठी थांबली नव्हती!

तो हळूच जाऊन तिच्या पलंगापाशी बसला.

"आई... अजून रागाव ना."